एक्केचाळीस नंबरसमोरची रिकामी जागा

सोमवार, ८ जुलै

लिहायला उशीर झाला, याची आधी माफी मागतो. ही वही लेकीने जानेवारीत दिली. म्हणाली, बाबा, तुमच्या काळज्या दिवसभर आईच्या कानाशी लावण्यापेक्षा इथे लिहीत जा. मी वही कपाटात जपून ठेवली आणि काळज्या हिच्या कानाशीच लावत राहिलो. सहा महिन्यांची पानं कोरी गेली. एवढा चांगला कागद वाया गेला म्हणून आणखी एक काळजी.

आज लिहायला कारण झालं. कॉलेजातून प्राचार्यांचा निरोप आला. अडतीस वर्षं तिथे शिपाई होतो, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मला वाटलं, जुनी एखादी किल्ली माझ्याकडे राहिली असणार. सगळे खिसे आणि हिचा डबासुद्धा तपासून गेलो.

किल्ली नव्हती. प्राचार्य कसल्याशा कार्यशाळेहून परतले आहेत. तिथे त्यांना कळलं, की पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलं नुसती बसतात, बोलत नाहीत. आता मुलांचा सक्रिय सहभाग हवा. आणि तो मोजायला हवा. सप्टेंबरात तपासणी समिती येणार आहे, तिला आकडे दाखवायचे आहेत. म्हणून मी मागच्या बाकावर बसायचं, मूल बोललं की त्याच्या नंबरासमोर रेघ मारायची. विषय संख्याशास्त्राची ओळख.

मी म्हटलं, साहेब, मी सातवी नापास. ते म्हणाले, "मामा, तेच बरं. शिकलेला माणूस ऐकत बसेल. तुम्ही फक्त मोजा."

मंगळवार, ९ जुलै

पहिला दिवस. मुलं साठ, रेघा सात. पन्नास मिनिटं नुसता खडूचा आवाज.

मॅडम तरुण आहेत, दरवर्षी नव्याने नेमतात त्यांच्यातल्या. मला पाहून दचकल्या नाहीत, बाकावर उशी आहे का एवढं विचारलं. चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारायची, म्हणजे मोजायला सोपं, असं त्यांनी दाखवलं. मला ते बरं वाटेना. चौघांचं बोलणं खोडल्यासारखं दिसतं. पण त्या शिकलेल्या.

हजेरीत एक प्रकार झाला. एक्केचाळीस नंबरची मुलगी उठली आणि तिचा 'हजर' पहिल्या अक्षरालाच अडकला. ह, ह, ह, असं किती तरी वेळ. पोरं हसली. मॅडमनी एका नजरेत हसणं बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलगी खाली बसली, दप्तर उचललं आणि पार मागे माझ्या बाकावर आली.

त्या अर्ध्या शब्दाची रेघ मारायची की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती.

गुरुवार, ११ जुलै

बावीस नंबरने मध्येच उठून विचारलं, "मॅडम, पंखा लावू का?"

मी रेघ मारली. मग खोडली. मग प्राचार्यांकडे विचारायला गेलो, कारण नोंदवहीत खाडाखोड हा गुन्हा आहे. ते विचारात पडले. हेडक्लार्क भाऊसाहेबांना बोलावलं. दोघांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी परिपत्रक निघालं, की पंखा हा वर्गातील शैक्षणिक वातावरणाशी संबंधित असल्याने त्याविषयीचा प्रश्न सहभाग म्हणून ग्राह्य धरावा. खोकला ग्राह्य नाही.

शुक्रवार, १९ जुलै

परिपत्रक पोरांनी माझ्याआधी वाचलं होतं. आज एका तासात पंखा अकरा वेळा लागला आणि अकरा वेळा बंद झाला. दर वेळी रीतसर विचारून. एकूण रेघा शंभर. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अडतीस वर्षांत कधी ठेवला नव्हता, त्यामुळे काय चुकलं असेल या विचारात जेवण गेलं नाही.

ही म्हणाली, "अहो, घरात मी चाळीस वर्षं बोलतेय. माझी एक तरी रेघ मारलीत का?"

बुधवार, २४ जुलै

हात दुखतो. आज एकशे नव्वद. पोरांनी पद्धत बसवली आहे. मॅडमनी एक वाक्य म्हटलं, की पहिली ओळ म्हणते "बरोबर", दुसरी ओळ म्हणते "पुन्हा सांगा", तिसरी म्हणते "आता समजलं". मॅडमना स्वतः बोलायला मिनिटं उरतात आठ-नऊ. दोन आठवडे 'सरासरी' हे एकच प्रकरण चाललं आहे.

नऊ नंबरचा मुलगा हुशार आहे, असं मला वाटायचं. तो सारखा म्हणतो, "मॅडम, यावर माझं वेगळं मत आहे." ते मत काय, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. नियमाप्रमाणे तेवढंही पुरतं.

एक्केचाळीस एकदाही बोललेली नाही. ती बघत असताना मी तिच्याकडे बघत नाही आणि नसताना बघतो. ती सारखी लिहीत असते. तिच्यासमोर मी रोज शून्य काढतो. गोल नीट येतो, तेवढंच.

शुक्रवार, २ ऑगस्ट

मॅडमनी आज खडू टाकून सगळ्यांना गप्प केलं आणि एक उदाहरण दिलं. वर्गात साठ मुलं. एक जण साठ वेळा बोलला, बाकीचे एकोणसाठ गप्प. सरासरी काढली तर दरडोई एक. अहवालात लिहिता येईल, की वर्गातला प्रत्येक जण बोलला. मग म्हणाल्या, सरासरीला असं फसायचं नसतं.

मला पटलं. मधल्या सुट्टीत प्राचार्यांना कौतुकाने सांगितलं, म्हटलं मॅडम किती छान शिकवतात बघा. त्यांनी ते उदाहरण माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कागदावर उतरवलं आणि बावीस नंबरला बोलावून अधिक बोलायची विनंती केली.

मॅडम दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काय बिघडवलं, ते कळत नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट

समितीचं पत्र आलं. सरासरी चालणार नाही, प्रत्येकाचं वेगळं दाखवा. लगेच परिपत्रक निघालं. सत्र संपेपर्यंत ज्याच्या तीस रेघा होणार नाहीत, त्याला परीक्षेला बसता येणार नाही.

पत्र मीच प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. एक्केचाळीसची रेघ नाही. एकही नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

आज एक्केचाळीसने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. मला वाटलं तक्रार आहे. मी बाकावर बोटं वाजवतो, अशी मला सवय आहे, घरी हीसुद्धा सांगते. चष्मा काढून पुसला आणि वाचलं. लिहिलं होतं, "सरासरी काढली की ज्या माणसांवरून काढली ती त्यातून परत मिळतात का?"

आता सगळी आयुष्यभराची सवय आडवी आली. माझ्या हातात कुणी कागद दिला, की तो ज्याचा त्याला पोचवायचा आणि पोच म्हणून सही घ्यायची. अडतीस वर्षांत माझा कागद वाटेत थांबलेला नाही. मी उठलो, सगळ्या वर्गातून चालत गेलो आणि मॅडमच्या हातात चिठ्ठी दिली. म्हटलं, खाली सही आणि तारीख. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वाचलं, मुलीकडे पाहिलं, सही केली.

मग म्हणाल्या, "मामा, मोठ्याने वाचा."

मी वाचलं. पंखा बंद होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडम त्यावर वीस मिनिटं बोलल्या आणि नऊ नंबर मत द्यायचं विसरला.

जागेवर आल्यावर अडचण सुरू झाली. रेघ कोणाची? आवाज माझा, प्रश्न तिचा. मी विद्यार्थी नाही, माझा नंबर नाही. प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, नियमात 'तोंडी' असं आहे. ज्याचं तोंड त्याची रेघ. माझ्या नंबराची सोय नसल्याने ती रेघ कोणाचीच नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

पुन्हा चिठ्ठी. पुन्हा सही. गुडघा धरला, मागचा बाक फार लांब आहे.

गुरुवार, २२ ऑगस्ट

चिठ्ठ्या नऊ झाल्या. सह्या घेऊन मी त्या डब्यात ठेवतो, पोच टाकून द्यायची नसते. यात काही गैर तर नाही ना, अशी धास्ती आहे. वर्गात चिठ्ठ्या फिरवणं हा माझ्या आठवणीत कायम गुन्हा होता. मी स्वतः तीन मुलांना त्यासाठी प्राचार्यांसमोर नेलेलं आहे. त्यातला एक आता आमदाराचा मेहुणा आहे, असं भाऊसाहेब सांगतात.

ही म्हणते, डब्याला झाकण घट्ट लावा, मला त्यात डाळ भरायची होती.

गुरुवार, २९ ऑगस्ट

आजच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. "शून्य आणि नोंद नसणं, यात फरक काय?"

मॅडमनी वाचून घेतलं आणि खडू खाली ठेवला. मग त्यांनी मुलांना सांगितलं, आज कुणीही रेघेसाठी बोलायचं नाही, मामा पेन खाली ठेवतील. मी ठेवलं. भीती वाटत होती, पण ठेवलं.

त्या म्हणाल्या, "शून्य म्हणजे आपण मोजलं आणि तिथे काही नव्हतं. नोंद नाही म्हणजे आपल्याला मोजता आलं नाही. पहिला दोष त्या माणसाचा असू शकतो. दुसरा आपला असतो."

मग बावीस नंबरने हात वर केला. मला वाटलं पंखा. त्याने विचारलं, मग आजारी पडून परीक्षेला न आलेल्या मुलाला शून्य देतात ते चूक ना? त्यावरून वाद पेटला. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. घंटा अडतीस वर्षं मी दिलेली आहे, ती ऐकू न जाणं मी प्रथमच पाहिलं.

एकूण रेघा आज काहीच नाहीत. प्राचार्यांना काय सांगू?

शुक्रवार, ३० ऑगस्ट

काल झोपायच्या आधीपासून एकच डोक्यात होतं, म्हणून सकाळी लवकर कॉलेजात गेलो आणि नोंदवही उघडली. एक्केचाळीससमोर मी बत्तीस शून्यं काढलेली आहेत. मोजलं आणि काही नव्हतं, असं मी बत्तीस वेळा लिहून दिलेलं आहे. पण तिचं काही नव्हतं असं कसं म्हणू? डब्यात काय आहे मग?

खोडरबर घेऊन सगळी शून्यं पुसली. रेघा पेनाने मारतो, शून्यं मात्र पेन्सिलने काढलेली होती, देवाने बुद्धी दिली. जागा रिकामी ठेवली.

मॅडमनी पाहिलं. माझ्यासाठी उशी त्यांनी स्वतःच्या खुर्चीवरची आणून दिली.

सोमवार, ९ सप्टेंबर

प्राचार्यांनी नोंदवही मागवली आणि ओरडले. इथे शून्य का नाही? मी म्हटलं, साहेब, मोजलं नाही. ते म्हणाले, तुम्हाला मोजायलाच नेमलं होतं. बरोबर आहे त्यांचं. मी उभा राहिलो.

पहिली यादी लागली. एकोणसाठ पात्र, एक अपात्र. बावीस नंबरच्या रेघा चारशे बारा आहेत.

मी एक्केचाळीसला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, बाळ, अजून दहा तास आहेत. रोज तीनदा तेच तीन शब्द. 'पंखा लावू का', बस. तिने प्रयत्न केला. मी घड्याळ बघितलं नाही, पण बराच वेळ ती 'प' वर उभी होती, आणि तिचे डोळे भरले. मी म्हटलं राहू दे. पंख्याची कटकट नको.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, तिला बोलायला लावू नका. चाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबलात का? मी म्हटलं, मी थांबतो की. तेवढ्यात ही पुढचं बोलली, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

उद्या समिती. आज दिवसभर रंगीत तालीम. मॅडम वर्गात यायच्या आधीच साठ हात वर, असं बसवलं आहे. प्राचार्य स्वतः मॅडम झाले होते. समितीला आवडलं नाही, तर मॅडमची पुढच्या वर्षीची नेमणूक होणार नाही, हे भाऊसाहेबांनी मला हळूच सांगितलं आणि मग सगळ्यांना सांगितलं.

दुपारी नोंदवही माझ्याजवळ होती, खोलीत कुणी नव्हतं. तीस रेघा. सहा जुड्या. एका मिनिटाचं काम. पोरगी परीक्षेला बसली असती, कुणाचं काही गेलं नसतं. पेन टेकवलं. नाही जमलं. न घेतलेली सही मी कधी घेतली असं दाखवलं नाही, न झालेली रेघ कशी मारू? पेनाचा ठिपका मात्र उमटला. तो दिसतो. आता त्याचीही काळजी.

शनिवार, २१ सप्टेंबर

क्रमाने लिहितो.

समितीत तिघे. दोघे साहेब आणि अध्यक्ष म्हणून एक म्हाताऱ्या बाई, माझ्याच वयाच्या, काठी घेतलेल्या. मॅडमनी तोंड उघडताच साठ हात वर गेले. खरं म्हणजे एकोणसाठ. बाई म्हणाल्या, "हात खाली. तुमच्या मॅडमना बोलू द्या." हात खाली गेले, पण मग कुणाला काय करावं सुचेना. बाईंनी विचारलं, या सत्रात काय शिकलात? बावीस नंबर जबाबदारीने उठला आणि म्हणाला, "मॅडम, पंखा लावू का?" पंखा चालू होता.

बाईंनी नोंदवही घेतली. चारशे बारावर बोट ठेवलं, हसल्या. मग एक्केचाळीसवर आल्या. इथे शून्य का नाही? प्राचार्य पुढे होऊन म्हणाले, हा शिपायाचा निष्काळजीपणा आहे. तो शब्द माझ्या जिव्हारी लागला. निष्काळजी मी? जन्मभर काळजीशिवाय दुसरं काही केलं नाही.

बाईंनी मलाच विचारलं. मी सगळं कबूल करायचं ठरवलं. म्हटलं, शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. तसं नव्हतं. माझ्या हातून वर्गात चिठ्ठ्या गेल्या आहेत, एकूण तेहतीस. त्यातल्या दोनांवर पोच घ्यायची राहिली, एकदा घंटा झाली आणि एकदा मॅडमच्या पेनातली शाई संपली. त्या दोनांबद्दल माफ करा. आणि पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढे उघडला. थोडं डाळीचं पीठ उडालं.

बाईंनी एकेक चिठ्ठी काढून वाचायला सुरुवात केली. प्राचार्य घड्याळ बघत होते. बाई मधूनच एखादी शेजारच्या साहेबांना देत. शून्याची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मग विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी दाखवलं. एक्केचाळीस उभी राहिली. बाई तिच्या बाकापर्यंत काठी टेकत गेल्या, मला वाटलं रागावणार. तिच्या शेजारी, माझ्या जागेवर, माझ्या उशीवर बसल्या. म्हणाल्या, "तुझा पुढचा प्रश्न काय आहे? आम्हाला घाई नाही."

आणि खरंच कुणी घाई केली नाही. मुलगी अडकली, सुटली, पुन्हा अडकली. पंखा तेवढा वाजत होता, तो बावीस नंबरने उठून, कुणालाही न विचारता, बंद केला. तिने विचारलं, "जे मोजता येत नाही, ते अहवालात कुठे लिहितात?"

मी नोंदवही शोधत होतो, रेघ मारायला. ती बाईंच्या मांडीवर होती.

जाताना बाईंनी सह्यांच्या चिठ्ठ्या मोजून घेतल्या. एकतीस. मग प्राचार्यांना म्हणाल्या, तीस पुरतात ना तुमच्या नियमाला? प्राचार्य म्हणाले, नियम तोंडी सहभागाचा आहे. बाई म्हणाल्या, मग नियम लेखी का काढलात? मला यातलं काही नीट उमगलं नाही. मला दोन सह्यांचीच चिंता लागून राहिली होती.

सोमवार, २३ सप्टेंबर

नोंदवही बंद झाली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, मामा, उद्यापासून यायचं नाही. शेवटी डब्याचं प्रकरण मला भोवलंच. मी नमस्कार केला, उशी मॅडमना परत द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, ठेवा. नेमणूक झाली का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्या मात्र फळा पुसताना गुणगुणत होत्या.

अपात्रांच्या यादीच्या जागी दुसरा कागद लागला आहे, चष्मा विसरलो होतो. वाचला नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

आज परीक्षा होती. मला काही काम नव्हतं, फिरायला म्हणून फाटकापर्यंत गेलो. एक्केचाळीस आत जाताना दिसली. हातात पट्टी, पेन, पाण्याची बाटली. आत सोडली तिला. कसं सोडलं? कुणाची तरी नजर चुकली असेल. मी काही बोललो नाही. देव करो आणि भाऊसाहेबांना न कळो.

मला पाहून तिने हात केला. मी तोंड फिरवलं, मी ओळख दाखवली तर लोकांना संशय येईल म्हणून. आता फार वाईट वाटतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मुलं सुटीत आपापल्या गावी गेली. मॅडमकडून तिचा पत्ता आणला. त्यांनी लगेच दिला, आणि त्याच वर्गाला पुढच्या वर्षीही शिकवणार आहेत, असं आपणहून सांगितलं. मी म्हटलं, नऊ नंबरचं मत विचारून घ्या एकदा.

हिने पत्र लिहायला पोस्टकार्ड दिलं. कार्ड एकच आहे, म्हणून आधी इथे कच्चं लिहितो.

"चि. एक्केचाळीस हिस, अनेक आशीर्वाद. त्या दिवशी फाटकात तोंड फिरवलं, त्याची माफी कर. कारण भेटीत सांगेन. तुझ्या तेहतीस चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. दोनांवर सही नाही, ती मॅडमकडून घेऊन ठेवीन. डबा आता तुझ्याच नावाचा, हिने डाळीला दुसरा घेतला. निकाल काय लागला? पास झालीस की कळव, नापास झालीस तरी कळव. नुसतं गप्प राहू नकोस. काहीच आलं नाही तर ते काय समजायचं, हे तूच मला शिकवलं आहेस, आणि त्याने माझा जीव टांगणीला लागतो. बोलायला हवं असं नाही, एक ओळ पुरे. पण लवकर पाठव. मी रोज अकरा वाजता पोस्टमनची वाट पाहत दारात असतो. पोच मी स्वतः सही करून घेईन."